पेडण्याचा चिखल, महाळुंग्याची थंडी

कोकण रेल्वेच्या बांधकामाची गोष्ट निघाली की एक वाक्य हमखास येतं. मऊ मातीतले नऊ बोगदे खणायचं तंत्र तेव्हा जगात कुठेच नव्हतं, म्हणून ते हाताने, इंच इंच सरकत खणावे लागले. शाळेतल्या भाषणांपासून अभियंत्यांच्या सत्कारांपर्यंत हे वाक्य मी ऐकत आलो आहे, आणि त्यातला अभिमान खोटा नाही. रोहा ते मंगळूर ७४१ किलोमीटर, ९१ बोगदे, त्यातला करबुड्याचा एकटा साडेसहा किलोमीटरचा आणि तोही कातळातून. गोव्यातल्या पेडण्याचा बोगदा त्या मानाने किरकोळ, सुमारे दीड किलोमीटरचा. पण गाडी अडली ती तिथेच. वर जांभा आणि त्याच्याखाली पाण्याने फुगलेली बुळबुळीत चिकणमाती. आज खणलेलं उद्या भरून यायचं. मार्ग सलग सुरू व्हायला जानेवारी १९९८ उजाडलं. मऊ मातीच्या बोगद्यांनी १९ माणसं आणि ४ वर्षं घेतली, असा हिशोब सांगतात. सबंध मार्गावर ७४ माणसं गेली.

अभिमान खरा, माणसं खरी, चिखलही खरा. ‘तंत्र नव्हतं’ एवढंच तेवढं खरं नाही. पाण्याखालच्या मऊ जमिनीतून वाट काढायचं एक तंत्र त्या वेळी शंभरीपार गेलेलं होतं. फ्रीडरिश हेर्मान प्योच नावाच्या जर्मन अभियंत्याने १८८३ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. त्याच्याही आधी, १८६२ मध्ये, वेल्समध्ये एका खाणीचा उभा कूप खणताना ते वापरलं गेलं होतं. ते तंत्र म्हणजे जमीन गोठवायची आणि मग खणायची.

पद्धत सांगायला सोपी आहे. खणायच्या जागेभोवती साधारण मीटर-मीटर अंतरावर भोकं पाडायची आणि त्यांत तळ बंद केलेले पोलादी नळ सोडायचे. प्रत्येक नळाच्या आत आणखी एक बारीक नळी. त्या नळीतून उणे तीस अंशांच्या आसपासचं कॅल्शियम क्लोराइडचं खारं पाणी, ज्याला प्लँटवर सगळे ब्राइन म्हणतात, तळापर्यंत जातं आणि बाहेरच्या नळातून मातीची उष्णता घेऊन परत येतं. नळाभोवती गोठलेल्या मातीचा खांब रोज थोडा जाड होत जातो, शेजारचे खांब एकमेकांना भिडतात आणि दीड-दोन महिन्यांत सलग भिंत उभी राहते. घाई असली तर ब्राइनऐवजी द्रव नायट्रोजन सोडतात. तो उणे १९६ अंशांना उकळतो, काम काही दिवसांत होतं, खर्च भडकतो, आणि सुटलेला वायू भुयारात साठला तर माणूस गुदमरतो. भिंतीच्या आत खणून काँक्रीटचं अस्तर झालं की थंडी बंद करायची. मातीत काही मिसळलेलं नसतं, त्यामुळे मागे काही उरतही नाही.

या शेवटच्या गुणाची किंमत स्वीडनमधल्या हालांडसोसच्या लोकांना विचारावी. तिथे डोंगरातल्या रेल्वे बोगद्यात पाणी आवरेना, म्हणून रोका-गिल नावाचं रासायनिक ग्राउट भेगांत दाबलं. १९९७ च्या शरद ऋतूत त्यातलं अॅक्रिलामाइड ओढ्यात उतरलं, मासे मेले, गाई लुळ्या पडल्या, काम बंद करावं लागलं. त्याच बोगद्यातला सगळ्यात वाईट पट्टा पुढे गोठवून ओलांडला गेला. बोगदा सुरू झाला डिसेंबर २०१५ मध्ये.

मी हे महाळुंग्यात बसून लिहितो आहे, आणि इथून पाहिलं की ‘तंत्र नव्हतं’ हे वाक्य जरा जास्तच खुपतं. चाकण-तळेगाव रस्त्याच्या या पट्ट्यात थंडी बनवणं हा रोजचा धंदा आहे. प्लास्टिक मोल्डिंगला चिलर लागतो, पेंट शॉपला लागतो, औषधाच्या आणि आइस्क्रीमच्या गोदामाला तर त्याच्याशिवाय श्वासच नाही. अमोनियाचे कॉम्प्रेसर पुण्याची किर्लोस्कर न्यूमॅटिक वर्षानुवर्षं बनवते आहे. द्रव ऑक्सिजनचे आणि नायट्रोजनचे पांढरे टँकर चाकणमधून निघतात. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये त्यांतल्या ऑक्सिजनच्या टँकरांकडे सगळा जिल्हा डोळे लावून बसला होता. कॅल्शियम क्लोराइडची पोती कुठल्याही केमिकलवाल्याकडे मिळतात. जमीन गोठवायला लागणारं जवळपास सगळं सामान इथून तासाभराच्या अंतरात आहे.

एवढंच नाही. इथे जमीन गोठू नये म्हणून पैसे मोजले जातात. उणे वीस अंशांच्या एखाद्या गोदामाच्या जोत्याकडे कधी नीट पाहा. जमिनीपासून वीतभर उंचीवर पीव्हीसी पाइपांची तोंडं ओळीने दिसतात, उंदीर शिरू नयेत म्हणून जाळी मारलेली. हे पाइप आतल्या फरशीखालून आरपार गेलेले असतात आणि त्यांतून बाहेरची ऊबदार हवा फिरते. कुठे त्याऐवजी गरम ग्लायकॉलच्या नळ्या असतात, कुठे विजेच्या तारा. कारण फरशीखाली कितीही जाड इन्सुलेशन घातलं तरी थंडी वर्षानुवर्षं खाली झिरपत राहते. खालची ओली माती गोठायला लागते, आणखी खालचं पाणी वर ओढून घेते, बर्फाचे पापुद्रे वाढवते, आणि एक दिवस फरशी पोटासारखी फुगते. रॅक कलतात, सरकतं दार अडकतं, फोर्कलिफ्टवाला त्या उंचवट्याला वळसा घालून जायला शिकतो. पावसाळ्यात पाइपांची तोंडं चिखलाने बुजली तर मेंटेनन्सवाल्याची काही खैर नसते. गोठलेली जमीन किती बळ धरते, किती फुगते आणि किती चिवट असते, हे इथल्या माणसाला पुस्तकात वाचावं लागत नाही.

आता पेडण्याकडे परत जाऊ. ओल्या जमिनीतून पाणी घालवायचे दोन नेहमीचे उपाय आहेत. एक, पंप लावून उपसा करायचा. वाळू असेल तर पाणी निघतं; चिकणमाती मात्र ते सोडत नाही, महिनाभर पंप घरघरले तरी ती तशीच ओली. दुसरा, सिमेंटचं पातळ ग्राउट दाबून छिद्रं बुजवायची. चिकणमातीची छिद्रं सिमेंटच्या कणांहून बारीक, त्यामुळे ग्राउट आत शिरतच नाही; शिरलंच तर माती फाडून भलतीकडे जातं. दोन्ही उपाय मातीने पाणी वाहू द्यावं यावर अवलंबून आहेत. थंडीला तसली परवानगी लागत नाही. ती मातीच्या कणातून आणि पाण्यातून, दोन्हींतून पुढे सरकते. जिथे पंपही हरतो आणि ग्राउटही हरतं, तिथली ही पद्धत आहे. पेडण्याच्या मातीचं वर्णन यापेक्षा वेगळं करता येईल का?

चिकणमाती थंडीलाही त्रास देते, हे मान्य करायला हवं. तिच्यातलं सगळं पाणी शून्याला गोठत नाही. कणांना चिकटलेला पातळ थर उणे दोन-तीन अंशांनाही द्रव राहतो. त्यामुळे वाळूच्या मानाने जास्त खाली जावं लागतं, आणि मिळणारी ताकद कमी असते. उणे दहाला गोठलेली ओली वाळू हलक्या काँक्रीटच्या तोडीची होते, चिकणमाती तिच्या बरीच मागे राहते. शिवाय ती गोठताना फुगते आणि वितळल्यावर आधीपेक्षा ढिली होते. शहराखाली ही मोठी अडचण असते. पण पेडण्याच्या त्या टेकाडावर कुठे इमारतींची रांग होती? आणि वितळून ढिली झालेली माती पेलायची जबाबदारी अस्तराची असते. अस्तर त्या बोगद्याला तसंही जबरदस्तच द्यावं लागणार होतं.

मग खर्च. इथे लोक हात झटकतात: जर्मनांना परवडतं, आपल्याला कुठून परवडणार! मी माझ्या धंद्यातला ढोबळ हिशोब मांडतो, ज्याला खोडायचा त्याने खोडावा. एक घनमीटर पाण्याने तुडुंब मातीत साधारण ३५० लिटर पाणी धरा. कोकणात जमिनीखालचं पाणी २८ अंशांच्या आसपास असतं. पाणी आणि मातीचे कण शून्यावर आणायचे, पाण्याचा बर्फ करायचा आणि सगळं उणे दहापर्यंत न्यायचं, तर सुमारे २२० मेगाज्यूल उष्णता काढावी लागते, म्हणजे विजेच्या भाषेत ६० युनिटांएवढी. युरोपात जमीन दहा अंशांवरून सुरू होते, तिथे हाच आकडा १७० मेगाज्यूलच्या आत राहतो. म्हणजे उष्ण देशात हे काम अशक्य नाही, तिसऱ्या हिश्श्याने महाग आहे. उष्णता बाहेर टाकणारा कॉम्प्रेसर एका युनिट विजेत साधारण दोन युनिटं उष्णता उचलतो. एकेरी रुळाच्या बोगद्याभोवती दोनेक मीटर जाडीचं कडं धरलं तर बोगद्याच्या प्रत्येक मीटरमागे पन्नासेक घनमीटर माती गोठवायची, म्हणजे दीड हजार युनिटं वीज. गळती आणि तोटा धरून तीन हजार. युनिटला दहा रुपये लावले तर मीटरला तीस हजार रुपये. भिंत महिनोन्महिने टिकवायची वीज वेगळी, म्हणून दुप्पट करा, तिप्पट करा. दीड किलोमीटरला आजच्या भावाने पंधरा कोटींच्याही आतच राहाल.

खरा खर्च विजेचा नसतोच. तो भोकं पाडण्याचा, नळांचा, जाणत्या माणसांचा आणि सगळ्यात जास्त वाट पाहण्याचा असतो. आडव्या बोगद्यात तीस-चाळीस मीटरचा टप्पा गोठवायचा, खणायचा, पुन्हा नळ मारायचे. यात विजेच्या कितीतरी पट पैसा जातो. पण दुसऱ्या पारड्यात काय होतं तेही पाहा. कोकण रेल्वे महामंडळाने रोखे काढून पैसा उभा केला होता. रखडलेल्या प्रत्येक वर्षाचं व्याज पूर्ण झालेल्या सगळ्या रुळांवर चढत होतं, आणि त्या कर्जाचं ओझं महामंडळाने पुढे कितीतरी वर्षं वाहिलं. चार वर्षांचं व्याज आणि एकोणीस माणसं एका बाजूला ठेवा, गोठवण्याचा खर्च दुसऱ्या बाजूला. काटा कुठे झुकला असता याचा हिशोब तरी व्हायला हवा होता. तो टाळण्याचा सगळ्यात सभ्य मार्ग म्हणजे ‘जगात तंत्रच नव्हतं’ असं म्हणणं. एकदा तसं म्हटलं की मृत्यू निसर्गाच्या खात्यावर जातात आणि विलंब नशिबाच्या.

ही रेल्वे उभारणारे अभियंते श्रीधरन आणि त्यांच्या लोकांचं श्रेय यात मी कमी करत नाही. त्या काळात, त्या पैशात त्यांनी जे करून दाखवलं ते फार मोठं आहे. माझी तक्रार नंतरच्या आपल्या सांगण्याशी आहे. जे महाग वाटलं म्हणून केलं नाही, त्याला आपण ‘अस्तित्वातच नव्हतं’ म्हणायला लागलो, आणि मग पुढच्या कामातही तो पर्याय कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. पेडण्याच्या बोगद्याने तर अजून पिच्छा सोडलेला नाही. ६ ऑगस्ट २०२० च्या पहाटे आतल्या भिंतीचा काही भाग कोसळला आणि गाड्या दूरच्या मार्गांनी वळवाव्या लागल्या. जुलै २०२४ मध्ये रुळांवर पाणी आणि चिखल आला, पुन्हा वाहतूक ठप्प. गोठवून खणला असता तर हे टळलंच असतं असं मी म्हणणार नाही, तो विषय अस्तराचा आणि निचऱ्याचा. पण जमिनीतल्या पाण्याशी आपण मांडवली करतो, हिशोब करत नाही, एवढं त्यातून दिसतं.

आता दुसरी बाजू, कारण थंडीचे भक्तही कमी आंधळे नसतात. १ जुलै २००३ ला शांघायमध्ये मेट्रोच्या चार नंबर मार्गावर, हुआंगपू नदीच्या काठी, दोन बोगद्यांना जोडणारा आडवा रस्ता गोठवलेल्या मातीतून खणला जात होता. शीतकरण अपुरं पडलं, भिंत हवी तेवढी जाड नव्हती, तरी काम रेटलं गेलं. वाळू आणि पाणी आत घुसलं, बोगदा बसला, वरच्या इमारती कलल्या आणि कोसळल्या. थेट नुकसानच सुमारे १५ कोटी युआन. तो तुकडा पुन्हा उभा राहून गाडी फिरायला २००७ चा डिसेंबर लागला. जर्मनीतल्या राष्टाटला १२ ऑगस्ट २०१७ रोजी चालू रेल्वेमार्गाच्या खालून, गोठवलेल्या मातीतून टीबीएम, म्हणजे बोगदा खणणारं यंत्र, जात असताना जमीन खचली आणि वरचे रूळ वाकले. ऱ्हाइन खोऱ्यातली मुख्य वाहतूक २ ऑक्टोबरपर्यंत बंद राहिली आणि टीबीएम काँक्रीट ओतून तिथेच गाडून टाकलं. फुकुशिमात अणुभट्ट्यांभोवती दीड किलोमीटरची, तीस मीटर खोल बर्फाची भिंत २०१६ पासून गोठवायला घेतली. तिने आत येणारं पाणी कमी केलं, थांबवलं नाही. वाहतं पाणी हे या पद्धतीचं जुनं दुखणं. जमिनीतलं पाणी दिवसाला एक-दोन मीटरपेक्षा जास्त वेगाने सरकत असेल तर ते खांबांमधल्या फटीतून सतत ऊब आणत राहतं आणि ब्राइनची भिंत भिडतच नाही.

यावरून कुणी म्हणेल, जिथे वीज जाते त्या देशात हे खूळ नकोच. विजेची भीती मला त्यातल्या त्यात कमी वाटते. हजारो घनमीटर गोठलेली माती दोन-चार तासांत वितळत नाही. डीजी सेट आणि जादा कॉम्प्रेसर या पट्ट्यातल्या कुठल्याही धड गोदामात असतातच. भीती आहे ती शांघायमध्ये जे घडलं त्याची: तापमापकावरचा आकडा चढतो आहे हे दिसत असताना काम न थांबवण्याची. गोठवलेल्या भिंतीत ठिकठिकाणी तापमापकाच्या तारा पुरलेल्या असतात. एखाद्या कोपऱ्यात उणे आठचं उणे पाच झालं की खणणं थांबलं पाहिजे. थांबवायचं कुणी? साइटवरचा तरुण इंजिनीअर आकडा वहीत लिहितो, वर कळवतो, वरचा म्हणतो संध्याकाळपर्यंत पाहू. ज्याच्या हातात आकडा त्याच्या हातात थांबवायचा अधिकार नसेल, तर चिखलात हाताने खणणं परवडलं. तिथे निदान प्रत्येकजण भिऊन असतो.

आणि सगळीकडे जमीन गोठवत सुटायचं नाही, हेही आलंच. पुण्याला याची गरज नाही. महाळुंग्यात विहीर किंवा बोअर घेणाऱ्याला विचारा: वर काळी माती, मग मुरूम, मग कातळ, मध्ये कुठे लाल गेरूचा थर, कुठे भेगाळ पट्टा, त्यातून पाणी. हा दगड स्वतःच्या ताकदीवर उभा राहतो. पुणे मेट्रो शिवाजीनगर ते स्वारगेट मुठेच्या पात्राखालून गेली, सिव्हिल कोर्टाचं स्टेशन ३३ मीटर खोल गेलं, आणि टीबीएम, रबरी गॅस्केटचे सेगमेंट, ग्राउटिंग एवढ्यावर भागलं. स्वारगेट ते कात्रजच्या ज्या भुयारी मार्गाला केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली तोही याच दगडातला. (भुयाराची खोड आमच्या परिसराला जुनीच. १६६० च्या भर पावसाळ्यात शाइस्ताखानाच्या माणसांनी चाकणच्या संग्रामदुर्गाच्या बुरुजाखाली सुरुंग खणला. फिरंगोजी नरसाळ्याने जवळपास दोन महिने दाद दिली नव्हती, तो बुरूज उडाल्यावर किल्ला गेला. त्या पावसात, खंदकाच्या पाण्याशेजारी, ते खणणारे काय अवस्थेत असतील, याबद्दल बखरकारांना काही घेणंदेणं नव्हतं.)

मला वाटतं या कातळानेच आपल्याला बिघडवलं आहे. दख्खनच्या दगडात पिढ्यानपिढ्या खणून आपली अशी समजूत झाली की पाणी लागलं तर पंप लावायचा, फार झालं तर ग्राउट मारायचं. हीच सवय घेऊन आपण जांभ्याच्या खाली, मुंबईच्या भराव जमिनीत आणि खाडीकाठच्या चिखलात उतरतो. कोलकात्याने त्याची किंमत मोजली आहे. ३१ ऑगस्ट २०१९ ला बउबाजारात मेट्रोच्या टीबीएमने भूगर्भातला पाण्याचा साठा फोडला, जुनी घरं फाटली, शेकडो माणसं हॉटेलांत हलवावी लागली. २०२२ मध्ये त्याच परिसरात पाणी पुन्हा दोनदा आत आलं. तो तुकडा प्रवाशांना मिळाला ऑगस्ट २०२५ मध्ये. बर्लिनमध्ये साधारण तशाच ओल्या वाळूत, श्प्रे नदीच्या कालव्याखाली आणि संग्रहालयांच्या पायथ्याशी, मेट्रो स्टेशनचं पोट जमीन गोठवून खणलं. तेही वेळेवर झालं नाही, ते उघडलं जुलै २०२१ मध्ये. पण वरचा कालवा वरच राहिला.

मुंबईत आता ऑरेंज गेट ते मरीन ड्राइव्ह असे जुळे बोगदे होताहेत. गोदीच्या बाजूची जमीन समुद्रात भर घालून केलेली. वर भराव, खाली समुद्री चिकणमाती, त्याखाली दगड. मुख्य बोगदा टीबीएम नेईल, त्याची चिंता नाही. पण जुळे बोगदे म्हटले की त्यांना जोडणारे आडवे रस्ते आले. ते टीबीएमने होत नाहीत, अस्तराचे सेगमेंट कापून हातानेच खणावे लागतात, आणि शांघायची दुर्घटना नेमकी अशाच रस्त्यात झाली. ते सगळे चांगल्या दगडात पडले तर उत्तमच. एखादा मऊ पट्ट्यात पडला तर तिथे गोठवणं हा पहिला विचार असावा, शेवटचा नव्हे.

तो पहिला विचार होत नाही याचं कारण अभियंत्यांच्या डोक्यात नाही, निविदेच्या कागदात आहे. आपल्याकडे जमिनीच्या तपासणीचा अहवाल बहुतेक वेळा ‘केवळ माहितीसाठी’ जोडलेला असतो. खाली काय निघेल ते कंत्राटदाराचं नशीब. सगळ्यात कमी दरवाला काम घेतो. कमी दर देणाऱ्याने गोठवण्याचा खर्च धरला असता तर त्याला काम मिळालंच नसतं. पाणी लागलं की मग जादा बाबीचं पत्र, त्यावर शेरे, त्यावर लवाद, आणि तोवर भुयारात पंप. २०१९ मध्ये फिडिक या अभियंत्यांच्या जागतिक संघटनेने आणि बोगद्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने मिळून भूमिगत कामांसाठी वेगळा करारनामा काढला. त्यात जमिनीचा एक आधार-अहवाल दोन्ही पक्ष मान्य करतात; जमीन त्यापेक्षा वाईट निघाली तर भार मालकाचा. हे आलं की गोठवण्याचा दर आधीच ठरवून निविदेत बसवता येतो: लागलं तर इतक्या घनमीटरला इतके, नाही लागलं तर शून्य. मालक सरकार असतं म्हणजे भार आपलाच, असं कुणी म्हणेल. आता तरी कुणाचा आहे?

एवढं सगळं बदललं तरी एक गोष्ट उरते. चिलर इथे आहे, कॉम्प्रेसर इथे आहे, नायट्रोजनचा टँकर रोज महाळुंग्याच्या फाट्यावरून जातो. नाही तो माणूस म्हणजे सरळ भोक पाडणारा. आपल्या बोअरच्या गाडीला दोनशे फुटांवर भोक फूटभर तिरकं गेलं तरी कुणाचं काही बिघडत नाही, पाणी लागल्याशी मतलब. गोठवण्याच्या कामात चाळीस मीटरवर शेजारचे दोन नळ अर्ध्या मीटरने फाकले तर त्या जागी भिंत भिडत नाही, आणि सगळा चिखल नेमका त्या खिडकीतून येतो. म्हणून प्रत्येक भोक पाडल्यावर त्यात मापक सोडून ते कुठे गेलं याचा नकाशा काढतात आणि जिथे फट दिसेल तिथे आणखी एक नळ मारतात. हे शिकायला यंत्र विकत घेऊन भागत नाही, कुणाच्या तरी हाताखाली दोन-चार कामं करावी लागतात. चाकणमधला कुठलाही कारखानदार स्वतःच्या पैशाने ही माणसं तयार करणार नाही, आणि त्याने का करावीत? पहिलं काम सरकारी यंत्रणेनेच द्यावं लागेल. ते छोटं असावं, एखादा आडवा रस्ता, नाहीतर एखादा उभा कूप. परदेशी कंपनीला देताना अट घालावी की ड्रिलवर आणि ब्राइनच्या प्लँटवर निम्मी पोरं इथली असतील, आणि तापमापकाच्या वहीखाली त्यांची सही असेल.